सुमनला दिलेला आवाज

आमच्या जळगावच्या घरात दोन भाषा होत्या, आणि त्यांतली एक पाहुण्यांसमोर काढायची नाही असा बाबांचा दंडक होता. बाबा यावलकडचे, केळीच्या बागांमध्ये मजुरी करणाऱ्या आईबापांचे पहिलं शिकलेलं पोर. पोस्टात लागले आणि त्यांनी गावाकडचं बोलणं जे सोडलं ते सोडलंच. आई धुळ्याची, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. ती वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायची, संध्याकाळी बुद्धवंदना झाली की जेवताना बाबांशी ऑफिसातलं मराठी बोलायची. पण धुळ्याहून मधुमामाचा फोन आला की पदर खांद्यावरून पुढे घेऊन, भिंतीकडे तोंड करून अहिराणीत शिरायची. ‘काय शे रे भाऊ, बठ्ठा बरा शेत ना?’ त्या वेळी तिचा आवाजच निराळा व्हायचा. जाड, हसरा, थोडा भांडखोर. मला लहानपणी वाटायचं की आईच्या आत आणखी एक बाई राहते आणि ती फक्त फोनवर येते.

मी पुण्याला सिनेमा शिकायला गेले तेव्हा बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि मग एकदम माझ्यासाठी सुटकेस घेऊन आले. पुण्यात आमचा अख्खा दिवस एकाच वादात जायचा. चांगला पिक्चर कशाने होतो आणि चालणारा पिक्चर कशाने होतो. कॅन्टीनच्या कट्ट्यावर बसून आम्ही जगातल्या थोर दिग्दर्शकांची अशी हजेरी घ्यायचो, जणू ते सगळे आमच्या गल्लीतच राहत होते. चाललेला पिक्चर चांगला नसतोच, अशी एका गटाची खात्री होती. मी त्या गटात होते. लांब, संथ शॉट, कमी बोलणं, शेवट अर्धवट सोडलेला, हे मला चांगल्याचं लक्षण वाटायचं. आज हसू येतं, पण त्या वयात माणसाला कशाची तरी एवढी खात्री असणं वाईट नाही.

मधुमामाला या वादात रस नव्हता. धुळ्यात एका गल्लीत त्याचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता आणि त्याच कॅमेऱ्यावर तो अहिराणी विनोदी पिक्चर काढायचा. सीडीवर यायचे ते. शूटिंग कुणाच्या तरी शेतात, कलाकार सगळे ओळखीतले. ‘ज्योते,’ मामा मला म्हणायचा, ‘पिक्चर चांगला का वाईट ते तुन्या पुण्यामां इचार. बाईमाणूस भांडी घासता घासता हसनं, का मी समजस, पिक्चर चालना.’ मी त्याच्याकडे कीव येऊन बघायची.

त्या उन्हाळ्यात सुट्टीला घरी आले तर दुसऱ्याच दिवशी मामाचा फोन आला. या वेळी आई अहिराणीत शिरली, पण हसली नाही. बराच वेळ ऐकत राहिली आणि मग रिसिव्हर माझ्याकडे देत म्हणाली, ‘मामाला तुझा आवाज हवाय.’

झालं होतं असं. मामाच्या नव्या पिक्चरचं शूटिंग संपलं होतं. त्यातली हिरोईन सुमन नावाची मुलगी, धुळ्याहून अमळनेरकडे जाताना लागणाऱ्या एका गावातली. वय माझ्याएवढंच. नवऱ्याला सळो की पळो करून सोडणाऱ्या बायकोचं काम तिने असं केलं होतं की शूटिंग बघायला जमलेली माणसं घरी जायला तयार नसत. शूटिंगनंतर ती काविळीने आजारी पडली आणि दवाखान्यात गेली ती परत आली नाही. चित्र सगळं होतं. आवाज व्हायचा राहिला होता. उघड्या शेतात, वाऱ्यात आणि बघ्यांच्या गलक्यात घेतलेला कॅमेऱ्यावरचा कच्चा आवाज पिक्चरला चालत नाही. कलाकार नंतर स्टुडिओत येऊन पडद्यावरच्या आपल्याच ओठांकडे बघत पुन्हा बोलतात. सुमन बोलायला उरली नव्हती.

‘तुझा आवाज तिच्यासारखा शे,’ मामा म्हणाला. ‘तू बोलताना मी नेहमी तेच म्हनस.’

बाबांना ते आवडलं नाही. भाषेचं कारण त्यांनी पुढे केलं, पण मला वाटतं खरं कारण वेगळं होतं. ‘मेलेल्या पोरीच्या तोंडात शब्द घालायचे?’ एवढंच एकदा म्हणाले आणि पेपर उघडून बसले. मी गेले. मला तेव्हा भीती वगैरे काही वाटली नाही. मला तो एक अभ्यास वाटला.

मामाचा स्टुडिओ म्हणजे दुकानाच्या मागची खोली. भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेले, दारावर दोन गोधड्या टांगलेल्या. माइक चालू केला की पंखा बंद, आणि धुळ्याचा मे महिना. घाम हनुवटीवरून कागदावर टपटपायचा. पाण्याचा माठही बाहेर काढला होता, कारण तो झिरपून खालच्या थाळीत थेंब पडायचा आणि तो थेंब माइकला ऐकू जायचा. मामीने केलेली शेवभाजी नि भाकरी आम्ही दुपारी बाहेर ओट्यावर बसून खायचो, आणि परत त्या भट्टीत.

कानांवर हेडफोन चढवला तेव्हा सुमन पहिल्यांदा भेटली. पडद्यावर ती चुलीपुढे कंबरेवर हात ठेवून उभी होती. काळीसावळी, कपाळ मोठं, पुढच्या दातांत फट. आणि कानात, खूप लांबून, वाऱ्याच्या घोंघाटातून तिचा आवाज. ‘मी काय तुना बापनी नोकर शे का?’ मी तेच म्हणायचं. तिचं ऐकायचं, तिच्या ओठांवर आपलं वाक्य बसवायचं. पहिल्या दिवशी मी मागे पडत होते. दुसऱ्या दिवशी बरोबर येऊ लागले. आणि नंतर असं व्हायला लागलं की वाक्य कानात येण्याआधी माझ्या तोंडात यायचं. मामा खूश होता. मी त्याला सांगितलं नाही, की मी कागद वाचत नव्हते आणि तिचं ऐकतही नव्हते. शॉटच्या आधी ती श्वास घ्यायची, मीही घ्यायची, आणि शब्द येऊन जायचे.

दोन शॉटच्या मधलंही त्या टेपवर होतं. कॅमेरा बंद करायचा राहून गेल्यामुळे उरलेलं. सुमन कुणाला तरी पाणी मागतेय, कुणाच्या तरी नावाने गाणं म्हणतेय, भूक लागल्याचं सांगतेय. मामा ते पुढे पळवायचा. मी एकटी असले की पळवत नसे.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी दारावरची गोधडी बाजूला झाली आणि एक उंच, वाळकी बाई आत आली. पायांत प्लास्टिकच्या चपला, हातात स्टीलचा डबा. मामा चटकन उठून उभा राहिला.

‘हाई कोन शे?’ तिने माझ्याकडे बघून विचारलं.

‘मनी भाची शे, लीलाअक्का. हाईच सुमीना आवाज दी राहिनी.’ आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, ‘सुमनची आई.’

मी हेडफोन काढू लागले तर लीलाअक्काने हात वर केला. ‘तू बोल. मी आठे बठस.’ ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. मला वाटलं, ती पडद्यावर मुलगी बघायला आली असेल. तिने पडद्याकडे बघितलंच नाही. तोंड माझ्या बाजूला करून तिने डोळे मिटले आणि संध्याकाळच्या बसची वेळ होईपर्यंत तशीच बसून राहिली. मी नवऱ्यावर ओरडत होते, सासूला टोमणे मारत होते, सगळी विनोदी वाक्यं, आणि समोर ती मिटलेल्या डोळ्यांनी मान हलवत होती. जाताना डबा माझ्या हातात दिला. आत फुनके होते, तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके, आणि बरणीत कढी.

‘खाई ले, सुमे,’ ती म्हणाली.

मामाने ऐकलं. मीही. दोघांपैकी कुणीच तिला दुरुस्त केलं नाही. मी ओट्यावर बसून ते फुनके खाल्ले. चांगले झाले होते.

सगळं जमलं, एक सोडून. मला सुमनसारखं हसता येईना. तिचं हसू आधी छातीत अडकायचं, मग एकदम सुटायचं आणि शेवटी वर जाऊन कुठेतरी नाहीसं व्हायचं. मी अर्धी दुपार हसत बसले, घसा दुखला. शेवटी मीच मामाला म्हटलं, हसू तिचंच ठेवू. कच्च्या आवाजातलं उचलून तेवढंच लावू. त्यामुळे त्या पिक्चरमध्ये असं झालं की बोलते मी आणि हसते ती. आणि ती हसली की तिच्या हसण्याबरोबर शेतातला तो वाराही यायचा. बंद स्वयंपाकघराचा सीन, चुलीवर तवा, आणि सुमन हसली की कुठूनसा घोंघावता वारा सुरू, हसू थांबलं की वारा बंद. नियमाने ती चूक होती. मामा म्हणाला, राहू दे, कोण ऐकतंय?

सगळ्यांनी ऐकलं. पावसाळ्यात सीडी बाजारात आली आणि धुळे, अमळनेर, पारोळ्यापासून नशिराबादपर्यंत ती घरोघरी वाजू लागली. केबलवाल्यांनी लावली. आठवडे बाजारात बायका भाजीवाल्याला ‘मी काय तुना बापनी नोकर शे का?’ म्हणून सुनावू लागल्या. मी एक प्रत पुण्याला घेऊन गेले आणि वर्गात लावली. खरं तर हसण्यासाठीच. आमचा मामा काय काढतो ते बघा म्हणून. सगळे हसलेही, कॅमेरा हलतो त्याला, लाल-पिवळ्या साड्यांना. मग सुमन पहिल्यांदा हसली, आणि वर्ग गप्प झाला. आम्हाला ध्वनी शिकवणारे सर मागच्या बाकावर होते. पिक्चर संपल्यावर म्हणाले, ‘बाकी सगळं सोडून द्या. ही मुलगी कोण आहे? आणि ती हसते तेव्हा वारा का येतो?’

मी सांगितलं. सरांनी ते हसू मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, ‘म्हणजे ती हसते तेव्हाच फक्त तिथे असते.’

आज मी स्वतः ध्वनीचंच काम करते. माझ्या हाताखालची मुलं परवा मला दाखवत होती, की मेलेल्या माणसाचा थोडासा आवाज दिला की कॉम्प्युटर त्याला हवं ते बोलायला लावतो. आवाज हुबेहूब होता. मी ऐकला आणि चहा प्यायला बाहेर गेले. कट्ट्यावरचा तो जुना वाद माझ्या मनात अजून संपलेला नाही, पण एवढं मला कळलंय की माणसं पडद्याकडे नुसती बघत नसतात, मनातल्या मनात कुणाला तरी हाक मारत असतात. चालणारा पिक्चर त्यांना हाक मारू देतो. चांगल्या पिक्चरमधून ओ येते. हे मला वर्गात कळलं नाही. ते दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

त्या सुट्टीत घरी आले आणि माझ्या लक्षात आलं की मी बोलले की माणसं वळून बघतात. किराणा दुकानात साखर मागितली तर शेजारची बाई थबकली. तिच्या कडेवरच्या पोराने ‘सुमी’ म्हटलं. धुळ्याच्या बसमध्ये तिकीट काढताना पुढच्या सीटवरची दोन माणसं हसत मागे वळली, आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्याच्या कानात काही सांगितल्यावर दोघंही मुकाट्याने खिडकीबाहेर बघू लागली. मी तो माझ्या कामाचा गौरव समजत होते. मग एका सकाळी बाबांनी पोस्टातली कसली तरी गंमत सांगितली आणि मी हसले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दाराकडे बघत म्हणाली, ‘कोण आलंय?’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. कुणीच आलेलं नव्हतं. आईने बाहेर जाऊन ओट्यावरही पाहिलं.

त्यानंतर मी पुष्कळ दिवस घरात हसले नाही.

अशात मामाचा निरोप आला की लीलाअक्का स्टुडिओत येऊन बसते, रोज. मी गेले. ती त्याच स्टुलावर होती, आणखी वाळलेली. म्हणाली, दवाखान्यात ती खाली चहा आणायला गेली होती. वर आली तोवर सुमनच्या तोंडावर चादर ओढलेली होती. पोरगी बोलली असती तर काय बोलली असती, ते तिला कळलं नाही. घरी राहिली तर रोज दुपार कलली की तिचा जीव दाराशी जातो, कारण सुमन कामावरून यायची ती वेळ. यायची आणि गल्लीतूनच ओरडायची.

‘तू एकदाव गावले ये,’ ती मला म्हणाली. ‘दारवर उभी ऱ्हाय आनि हाक मार. ती मारे तशी.’

आईने फोनवर साफ नाही म्हणून सांगितलं. मामा म्हणाला, तुझ्या मनाला येईल ते कर. मला भीती वाटत होती, या वेळी खरी. पण त्या मिटलेल्या डोळ्यांसमोर मी एवढा वेळ बोलले होते, की आता नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मामा मला गावच्या फाट्यापर्यंत मोटरसायकलवर घेऊन आला आणि तिथेच टपरीवर थांबला. कापूस वेचून झाला होता. दोन्ही बाजूंना काळी झालेली झाडं उभी होती. गल्लीत उन्हं लांबलेली. माणसं असणारच, पण मला दिसली नाहीत. एका घरात टीव्ही लागलेला होता, एवढं आठवतं. लीलाअक्काचं घर टोकाला, निळ्या रंगाचं दार, बंद. आत ती आहे हे मला माहीत होतं. मी दारापासून चार हातांवर उभी राहिले. मी सुमन घ्यायची तसा श्वास घेतला.

‘माय, दार उघाड व! भूक लागनी!’

माझ्या अपेक्षेपेक्षा आवाज मोठा निघाला. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आत काही हललं नाही. मला वाटलं झालं, आता ती दार उघडेल, रडेल, मी पाया पडेन आणि परत जाईन. तेवढ्यात आतून रोजच्या, थोड्या रागावलेल्या आवाजात प्रश्न आला.

‘इतला उशीर?’

याचं वाक्य मला कुणी दिलं नव्हतं. ‘बस चुकनी, माय,’ मी म्हणाले.

‘एकटी व्हती का? कोनी सोबत व्हतं?’

ती बसबद्दल विचारत नव्हती, हे मला कळलं. काय सांगावं याचा मी विचार करत होते, खरोखर करत होते, आणि माझा विचार पुरा व्हायच्या आत माझ्या तोंडून गेलं, ‘जिजी व्हती ना.’

आत बांगड्या वाजल्या. मग पावलं दारापर्यंत आली. दाराच्या फटीतून येणारा उजेड कापला गेला. ती पलीकडे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तिला माझा येत असणार.

‘दुखस का आते?’ आता दुखतंय का, हे विचारताना तिचा आवाज एकदम खाली आला होता.

‘नही, माय. आते काहीच नही दुखस.’

कडीला हात लागल्याचा आवाज झाला. मी मागे सरले. पण कडी निघाली नाही. ती आतून आणखी घट्ट सरकवली गेली.

‘मंग जाय, माय,’ ती म्हणाली. ‘दिन बुडाना आधी जाय.’

मी निघाले. मागे वळून बघायचं नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी बघितलं नाही. फाट्यावर मामाने चहा पुढे केला. मी नको म्हटलं, तसा त्याने कप स्वतःच धरला. मग मी त्याला विचारलं, ‘मामा, जिजी कोण?’

‘लीलाअक्काची माय. सुमीले तिनंच वाढवलं. तिले जाऊन वर्सं व्हयनात.’ आणि मग त्याने कप खाली ठेवला. ‘तुला कुणी सांगितलं?’

मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर मी मनाची समजूत घातली की त्या टेपवर, दोन शॉटच्या मधल्या उरलेल्या आवाजात, सुमनने कधीतरी ते नाव घेतलं असेल आणि ते माझ्या डोक्यात राहिलं असेल. तसंच असेल. खात्री करायला स्टुडिओत गेले, तर मामाने त्या टेपांवर केव्हाच दोन लग्नं उतरवली होती.

लीलाअक्का पुन्हा स्टुडिओत आली नाही. मामाने तिची चौकशी केली तेव्हा शेजारच्यांनी सांगितलं की बरी आहे, शेतावर जाते, आता दुपारचं दार उघडंच असतं.

वर्ष-दीड वर्षाने अमळनेरच्या बाजारात ती मला दिसली. बांगडीवाल्यापुढे बसून हात पुढे केला होता. अंगाने जरा भरली होती. मला बघून तिने ओळखीचं हसून बाजूला सरकून जागा दिली. ‘बरी शेस ना, ताई?’ म्हणाली. सुमे नाही, ताई. मी मुद्दाम बोलत राहिले. पुण्याचं सांगितलं, मामीच्या पाठीचं दुखणं सांगितलं, अहिराणीतही बोलून पाहिलं. ती उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत, कुणाही परक्या पोरीचं ऐकावं तशी ऐकत होती, आणि मधूनच बांगडीवाल्याला म्हणत होती की हिरव्या नको, त्या तिकडच्या दाखव.